सौदा फिसकटल्यावर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने रचली, त्याच्या नजरेतून एक माणूस निसटला. लग्न जुळवणारा मध्यस्थ आणि घर जुळवून देणारा एजंट यांना स्वतःला ना लग्न करायचे असते, ना घर बांधायचे असते. तरी सोयरीक मोडली की दोन्हीकडची मंडळी पहिले बोट त्यांच्याकडेच दाखवतात. सौदा फिसकटला तरी विकणाऱ्याचे घर जागच्या जागी असते. घेणाऱ्याचे पैसे थोडी धावपळ करून का होईना, पण बँकेत परत जातात. मधल्या माणसाच्या हाती मात्र तीन-चार महिन्यांच्या पायपिटीखेरीज काही उरत नाही. आणि वर ‘तुमच्यामुळेच हे सगळे झाले’ हे ऐकून घ्यावे लागते ते वेगळेच.

या माणसाविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून फारशा आदराने बोलले जात नाही. मी मराठीचा मास्तर. तेव्हा मी आधी शब्दाकडे वळतो. ‘दलाल’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो अरबीतून आला. त्याच्या मुळाशी अर्थ आहे तो ‘वाट दाखवणे’ हा. वाट दाखवणाऱ्याला आपण शिवी करून ठेवले आणि मग तो बिचारा पाटीवर ‘इस्टेट एजंट’, ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असे लिहू लागला. पाटी बदलली, तरी कामाचे स्वरूप काही बदलले नाही.

घराचा व्यवहार मोडणे ही गोष्टही आजची नव्हे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तले तिसरे अधिकरण पाहावे. घर विकायचे तर शेजाऱ्यापाजाऱ्यांसमक्ष तीनदा पुकारा करावा, असे तेथे सांगितले आहे. आणि बोली लागल्यावर जो ती मोडील त्याला दंडही ठेवला आहे. इतर वस्तूंच्या बाबतीत हा दंड चोवीस पण, आणि घरादाराच्या बाबतीत दोनशे! म्हणजे घराची बोली मोडल्याने होणारी हानी भाजीपाल्याच्या बोलीसारखी नसते, हे त्या पंडिताला पक्के ठाऊक होते. तो दंड मधल्या माणसाला मिळावा असे मात्र त्याने कोठे म्हटलेले नाही.

मग मधल्या माणसाला काय मिळते? आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे. वेगळे काही ठरलेले नसेल, तर काम पुरे झाल्याखेरीज एजंटाचा मेहनताना देणे लागत नाही, असे तो सांगतो. आता ‘काम’ कशाला म्हणायचे? गिऱ्हाईक आणून उभे करणे हे काम, की खरेदीखतावर सह्या होणे हे काम? सारी मेख येथे आहे. विलायतेत इस्टबोर्न नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथल्या सिनेमाघरांच्या विक्रीसाठी एका एजंटाने गिऱ्हाईक आणले. विक्री पुरी झाली की त्याला दहा हजार पौंड मिळायचे होते. गिऱ्हाईक तयार होते, पैसे तयार होते. पण मालकांचे मन फिरले. एजंट कोर्टात गेला आणि प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचले. १९४१ साली निकाल लागला तो असा, की विक्री झाली नाही, म्हणून मेहनतानाही नाही. एका न्यायमूर्तींनी तर असेही सुनावले, की आठ-नऊ दिवसांच्या कामाला लॉर्ड चॅन्सेलरचा वर्षाचा पगार मिळणार असेल, तर त्यासाठी थोडी जोखीम पत्करायला हरकत नाही!

याच्या उलट आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५० साली कलकत्त्यातल्या एका घराचा खटला आला. तेथे मालकाने एजंटाला पत्र लिहून दिले होते, आणि त्यात गिऱ्हाईक मिळवून देण्याबद्दल मेहनताना कबूल केला होता. गिऱ्हाईक मिळवणे हेच ठरलेले काम, ते त्याने केले, तेव्हा त्याचा मेहनताना त्याला मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. (गिऱ्हाईक शोधण्याचा अधिकार दिला म्हणजे मालकाच्या वतीने पक्का करार करण्याचा अधिकार दिला असे नव्हे, हेही त्याच निकालात स्पष्ट केले.) धंदा एकच आणि तक्रारही जवळपास एकच, पण एकाला दमडी मिळाली नाही आणि दुसऱ्याला मेहनताना मिळाला. फरक होता तो पत्रातल्या शब्दांचा. व्याकरणाचा तास कंटाळवाणा असतो असे म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दोन खटले अधूनमधून ऐकवतो.

आमच्या पुण्याच्या एजंटांपैकी असे पत्र किती जण लिहून घेतात? ‘अहो, शब्दावर चालतो आमचा धंदा,’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून अभिमानाने ऐकले आहे. शब्द ऐकायला गोड, खरा. पण सौदा मोडला की तो शब्द कोणालाच आठवेनासा होतो.

आमच्या भागात राहणारे एक गृहस्थ गेली वीसेक वर्षे हा व्यवसाय करतात. त्यांचे नाव येथे सांगत नाही. ते त्यांना आवडायचे नाही. एका वर्षी भाद्रपदात त्यांचा एक सौदा मोडला. त्याची हकीकत त्यांनीच मला सांगितली आणि ‘नाव न घालता लिहा’ अशी परवानगीही दिली.

कोथरूडातली जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर. मालकीणबाई सत्तरी उलटलेल्या. यजमान गेल्यावर जिना चढवेना, म्हणून विकायला काढलेली जागा. घेणारे नवरा-बायको नोकरदार, तिशीतले. किंमत ८५ लाख ठरली. विसार म्हणून एक लाखाचा चेक आजींच्या नावाने दिला. दोन्ही बाजूंनी एकेक टक्का धरला, तर आमच्या गृहस्थांना एक लाख सत्तर हजार मिळायचे होते. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचा हप्ता त्यांनी या भरवशावर क्रेडिट कार्डावर भरून टाकला होता.

गणपती गेले आणि बँकेच्या वकिलाने विचारले, “शेअर सर्टिफिकेट आजींच्या नावावर झालं ते नामनिर्देशनामुळे. पण वारस कोण कोण?” मुलगा पुण्यातच होता, तो सही करायला तयार होता. पण नागपूरला एक मुलगी होती. आईशी आणि भावाशी सहा वर्षे तिचा बोलण्याचा संबंध नव्हता. नॉमिनी म्हणून सोसायटीच्या दप्तरात नाव लागले की आपण मालक झालो, अशी आपल्याकडे हजारो घरांतली समजूत आहे. नॉमिनीच्या नावाने सोसायटी शेअर करून देते. मालकी मात्र वारसाहक्काच्या कायद्याने ठरते. मृत्युपत्र नसेल आणि फ्लॅट नवऱ्याच्या स्वकमाईचा असेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा. म्हणजे त्या जागेचा तिसरा हिस्सा नागपुरात होता आणि तिकडून निरोप आला, “हक्कसोड पत्रावर मी सही करणार नाही.”

घेणाऱ्यांनी आठ दिवस वाट पाहिली आणि नाही म्हणून सांगितले. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

“सर, त्या दिवशी मी घरी गेलोच नाही,” गृहस्थ मला म्हणाले. “स्कूटर काढली आणि रात्री नऊपर्यंत नुसता फिरलो. बायकोला काय सांगणार? पितृपक्ष लागलेला. पंधरा दिवस कोणी जागा बघायलासुद्धा येत नाही.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केले ते मला शिकण्यासारखे वाटले. पहिले काम विसाराचे. एक लाख रुपये आजींच्या खात्यात होते, पण त्यांनी ते ठेवीत टाकले होते. मुलाचे म्हणणे, “सौदा त्यांनी मोडला, पैसे जप्त.” येथे आणखी एक जुना खटला सांगतो. दिल्लीतल्या एका मालमत्तेचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला होता. खरेदीदाराने १,००० रुपये इसार आणि पुढे २४,००० रुपये दिले होते, आणि मग व्यवहार मोडला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने विकणाऱ्याला इसाराचे १,००० ठेवू दिले, पण २४,००० जप्त करू दिले नाहीत. तोही खरेदीदाराकडून करार मोडला असताना! येथे तर विकणाऱ्याच्याच कागदात खोट निघाली होती. आमच्या गृहस्थांनी खटल्याचे नाव काढले नाही. आजींना रिक्षाने बँकेत नेले, ठेव मोडली, थोडे व्याज बुडाले ते बुडाले. आणि चौथ्या दिवशी चेक परत केला. विसारपावतीवर ‘व्यवहार रद्द, रक्कम परत मिळाली, कोणाचे काही मागणे नाही’ असे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

हे काम किती एजंट इतक्या तातडीने करतात? मला शंका आहे. पुष्कळांना वाटते, पैसे अडकले असले म्हणजे पार्टी परत टेबलावर येईल. तशी ती येत नाही. ती चार नातेवाइकांना सांगत फिरते, आणि ते चार जण पुढची दहा वर्षे सांगत राहतात. विसार स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्या एजंटाविषयी तर मी येथे लिहीतच नाही. त्याला सावरण्याचा मार्ग माझ्यापाशी नाही.

साठेखत नोंदले गेल्यावर सौदा मोडला तर काम याहून अवघड. नुसत्या तोंडी ‘रद्द’ म्हणण्याला काही अर्थ राहत नाही. दुय्यम निबंधकाच्या दप्तरात पहिले साठेखत तसेच बसून राहते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या वकिलाला शोध घेताना ते सापडते. तेव्हा रद्दलेख करून तोही नोंदवावा, आणि तोवर ती जागा दुसऱ्या कोणाला दाखवूही नये. पहिला खरेदीदार करारपूर्तीचा दावा लावू शकतो. २०१८ साली झालेल्या कायदादुरुस्तीनंतर तर न्यायालयाने असा दावा मान्य करावा याकडे कायद्याचा कल आधीपेक्षा अधिक झाला आहे. मुद्रांक शुल्काचा परतावा मिळण्यासारखा असेल तर त्याला मुदत असते, आणि पार्टी रागावलेली असताना तिला तारखेची आठवण राहत नाही. ती आठवण त्याच आठवड्यात एजंटाने करून द्यावी आणि वकिलाकडे पाठवावे. यात त्याला पैसा मिळत नाही, हे खरे.

दुसरे काम गृहस्थांनी केले ते वहीत. सौदा का मोडला, हे त्यांनी एका पानावर लिहिले. ‘मुलगी आडमुठी’ असे आधी लिहिले होते, ते खोडून खाली लिहिले, ‘पहिल्या दिवशी वारस विचारले नाहीत.’ सौदे मोडण्याची कारणे पाहिली तर ती फार नसतात. पैसा, कागद, घरातली माणसे, नाहीतर नुसते फिरलेले मन. पैशाच्या बाबतीत बहुधा बँक किंमत कमी धरते आणि वरची रक्कम उभी राहत नाही. विसाराआधी कर्जमंजुरीचे पत्र पाहिले तर यातले पुष्कळ टळते. कागदाच्या बाबतीत मागच्या खरेदीचा एखादा दुवा हरवलेला, नाहीतर इमारतीला भोगवटा पत्रच नाही. मालक परदेशी असला म्हणजे आयकराच्या कपातीचे प्रकरण ऐन वेळी निघते. हे सारे विचारायला दोन तास पुरतात. पण विचारले की मालक बिचकतो आणि दुसऱ्या एजंटाकडे जातो, ही भीती असते. त्या भीतीपायी जो विचारत नाही, तो चार महिन्यांनंतर तेच प्रश्न बँकेच्या वकिलाच्या तोंडून ऐकतो.

फिरलेल्या मनाला मात्र औषध नाही. सासऱ्यांनी दक्षिणेकडचा दरवाजा पाहिला आणि नको म्हटले, असे सांगणाऱ्याशी वाद घालण्यात हशील नाही. बहुतेक वेळा सासरे हे निमित्त असते. खरी गोष्ट हप्त्याची धास्ती असते. चतुर एजंट तेथे कमी किमतीची जागा दाखवतो आणि सासऱ्यांच्या मताचा मान राखतो.

आमच्या गृहस्थांनी त्या नवरा-बायकोंना खरे कारण सांगितले. आजींच्या घरातली भांडणे मात्र सांगितली नाहीत. “कागदात वारसांचं राहिलं आहे, ते लवकर सुटणार नाही, तुम्ही थांबू नका,” एवढेच. त्यांना आणखी तीन जागा दाखवल्या. त्यांनी चौथी घेतली, आणि तीही दुसऱ्याच एजंटाकडून! असे होते. वर्षभराने त्या बाईंच्या धाकट्या बहिणीला जागा हवी होती, तेव्हा फोन आला तो मात्र यांना.

पण फीचे काय? सौदा मोडल्यावर नवा मोठा सौदा पकडून भरपाई करू पाहणारा माणूस जुगाऱ्यासारखा वागतो, असे मला त्यांच्या बोलण्यातून कळले. घाईत तो वाईट जागा चांगली म्हणून सांगतो आणि दुसराही सौदा मोडून घेतो. यांनी मोठ्या सौद्याचा नाद काही दिवस सोडला आणि भाड्याच्या जागांकडे वळले. अकरा महिन्यांचा करार, एका महिन्याच्या भाड्याइतका मेहनताना, आणि चार-सहा दिवसांत हाती रोख. विक्रीच्या धंद्यातले लोक भाड्याचे काम जरा कमी लेखतात. पण दिवाळीपर्यंत यांनी असे चार करार केले, आणि कार्डाचा बराचसा भार उतरला. उरलेला बायकोने भिशीतून भागवला. ती रक्कम तिच्या कपाटासाठी होती, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

तेव्हापासून घरात एक नियम झाला आहे. खरेदीखताच्या सह्या होईपर्यंत दलालीचा रुपया हिशेबात धरायचा नाही. आणि धंद्यात दुसरा नियम : काम हाती घेतानाच एक साधे पत्र. अर्धा मेहनताना साठेखताला, अर्धा खरेदीखताला. आणि मालकाच्या कागदातल्या दोषामुळे सौदा मोडला, तर फिरण्याचा व कागद काढण्याचा खर्च मालकाने द्यायचा. “सही करताना काही जण तोंड वाकडं करतात,” ते म्हणाले, “पण जे तोंड वाकडं करतात, त्यांचेच कागद वाकडे असतात.”

सरकारनेही या धंद्याला थोडी शिस्त लावली आहे. २०१६ चा रेरा कायदा आपल्याकडे २०१७ च्या मे महिन्यापासून अंमलात आला, आणि त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी करावी लागते. २०२३ पासून महाराष्ट्रात त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. पन्नाशीचे गृहस्थ चष्मा लावून प्रश्नपत्रिका सोडवताहेत हे दृश्य मला मास्तर म्हणून फार आवडले. जुन्या सोसायट्यांतल्या विक्रीत मात्र अजून पुष्कळसे माणसाच्या सचोटीवरच चालते.

राहता राहिल्या आजी. त्यांची जागा बाजारात पडून राहिली असती तर तिचे मोल घसरले असते. फार दिवस विकायला असलेल्या घराविषयी लोक ‘का बरे गेले नाही?’ असे विचारू लागतात, आणि एकदा हा प्रश्न सुरू झाला की प्रत्येक गिऱ्हाईक दोन लाख कमी सांगून पाहते. म्हणून गृहस्थांनी जागा काही महिने यादीतून काढूनच टाकली. आजींना म्हणाले, “आजी, मुलीला तुम्ही पत्र लिहा. मी मध्ये पडणार नाही. दलालानं जागेत पडावं, घरात पडू नये.” आणि एक गोष्ट त्यांनी समजावून सांगितली, ती वकिलाकडून खात्री करून घेऊन : हक्क सोड असे मुलीला म्हणायचेच कशाला? तिने विकणारी म्हणून सही करावी आणि आपला तिसरा हिस्सा घ्यावा.

सहा वर्षे मुलीकडून हक्कसोड मागितले जात होते. हिस्सा घे असे तिला कोणी म्हटलेच नव्हते! संक्रांतीनंतर ती आली. आई-मुलीत काय बोलणे झाले ते गृहस्थांना ठाऊक नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही. पुढच्या वैशाखात ती जागा ८२ लाखांना गेली. आधीच्या किमतीहून तीन लाख कमी. मुलगा त्याबद्दल अजून एजंटालाच बोल लावतो.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिघांचे अंगठे आणि फोटो झाल्यावर आजी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. गृहस्थ पत्राप्रमाणे उरलेल्या अर्ध्या मेहनतान्याचा चेक घ्यायला गेले, तर चेक नागपूरच्या मुलीने लिहून ठेवला होता. त्यावर तारीख होती आणि रक्कम होती, पण नाव घातलेले नव्हते. इतक्या महिन्यांत ‘एजंट’ यापलीकडे त्यांचे नाव तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिने पेन त्यांच्या हाती दिले आणि म्हणाली, “काका, तुमचं नाव तेवढं तुम्हीच लिहा.”